लांबून आलेला पाहुणा

दुपारचे अडीच वाजलेत आणि औटीबाईंना झोपायचं नाहीये. आजच्या दिवशी झोपतं का कुणी? केतकीचं वर्षश्राद्ध आहे. सकाळी पान वाढून झालं, कावळ्याने फार ताटकळत न ठेवता घास नेला, शेजारपाजारचे जेवून गेले, भांडी घासून पालथी घातली. आता खिडकीजवळच्या खुर्चीत त्या नुसत्या टेकल्यात, पाठ धरलीय म्हणून. पाच मिनिटं, बस्स. झोपणारबिपणार नाही, असं स्वतःलाच दटावतात आणि तेवढ्यात त्यांची मान छातीवर येते.

दचकून मान वर करतात. बाहेर पडवीत दिनकर बसलेला दिसतो.

दिनकर म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. बार्शीला त्याची पिठाची गिरणी आहे. काल सकाळची एसटी धरून आला. आल्यापासून तीनदा विचारून झालं, ‘आक्का, काही आणायचंय का?’ तिन्ही वेळा ‘नको’ एवढंच मिळालं, मग बसला बिचारा गप्प. वर्ष झालं, भाऊबहिणीत एवढंच बोलणं आहे. भांडण नाही, तंटा नाही. गावाला वाटतं, पोरीच्या दुःखाने बाई मुकी झाली. तसं नाहीये हो. बाईंच्या पोटात एक गोष्ट अडकून बसलीय आणि ती त्यांनी कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला म्हणून सांगते.

केतकी ही त्यांची एकुलती एक लेक. नवरा केतकी पाच वर्षांची असतानाच गेला, तेव्हापासून मायलेकी दोघीच. पोर जनावरांची डॉक्टर झाली. आणि जनावरं तरी कुठली, तर बिबटे! जुन्नरकडे ऊस फार, आणि उसात बिबट्या. कुठे विहिरीत पडला, कुठे पिंजऱ्यात सापडला, की ही निघाली जीपमधून, अर्धी पोळी हातात धरून. मागच्या साली तिला मेंदूज्वर झाला. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत ठेवली. शुद्ध नव्हतीच. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच भेटायची वेळ, आणि एका पासावर एकच माणूस आत, तोही हिरवी टोपी आणि मास्क चढवून. आठ दिवस तो पास औटीबाईंच्या मुठीत होता.

नवव्या दिवशी दिनकर आला. एसटीत दिवस काढून, चपलांवर पीठ तसंच. आणि औटीबाईंनी काय करावं? पास त्याच्या हातात ठेवला. ‘जा, तू बघून ये. लांबून आलायस. माझं काय, मी उद्या जाईन.’ पाहुणा लांबून आला की आपण आपलं ताट त्याच्यापुढे सरकवतो ना, अगदी तसं. विचारसुद्धा केला नाही.

नेमके त्याच दिवशी केतकीने डोळे उघडले. दहा मिनिटं. मग मिटले ते मिटलेच, पहाटे गेली.

‘काही बोलली का रे?’ असं औटीबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. दिनकर खाली बघून म्हणाला होता, ‘नाही गं आक्का. तोंडावर ऑक्सिजन होता ना.’

झालं. आईच्या वाटणीची दहा मिनिटं मामा घेऊन आला. त्याला तरी कसा बोल लावायचा? पास यांनीच दिलेला. पण आतून जळतं त्याला काय करणार! त्याचं तोंड दिसलं की बाईंना ती दहा मिनिटं आठवतात. आणि मग तोच एक प्रश्न. डोळे उघडले तेव्हा पोरीने मला शोधलं असेल का? शोधून सापडले नाही म्हणून मिटले का तिने? या प्रश्नावर बाईंनी वर्ष काढलंय, रोज उठून त्याच्याशीच गाठ.

मान पुन्हा छातीवर येते. या खेपेला ती वर होत नाही.

वर्ग भरलाय. सातवी ब. औटीबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण हातात खडू आहे आणि फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, ‘परग्रहावरील मित्रास पत्र लिहा.’ दर विज्ञान दिनाला बाई हे पत्र लिहायला लावायच्या. पोरं मान खाली घालून लिहायची, ‘प्रिय परग्रहवासी, सप्रेम नमस्कार वि. वि. आमच्याकडे सगळे ठीक, तुमच्याकडे लाइट जाते का?’ बाई ती पत्रं गठ्ठा बांधून जपून ठेवायच्या. आकाशात एवढे तारे, त्यांच्याभोवती एवढे ग्रह, आणि आपण तेवढे एकटे? शक्यच नाही, असं त्या ठासून सांगायच्या. कुणीतरी आहे. आणि जे इथवर येण्याइतके पुढे गेलेत ते शहाणेच असणार, शहाणे म्हणजे मायाळू. आपल्याला कुणी बोटाने धरून पुढचा धडा शिकवणार असेल तर चांगलंच आहे की!

शेवटच्या बाकावर केतकी बसलीय. खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बुटांना चिखल. बाकात तिचे गुडघे मावत नाहीत. ती लिहीत नाहीये, आईकडे बघून हसतेय.

“तू का लिहीत नाहीस गं?” बाई दरडावून विचारतात.

“आई, मी मेलेय.”

“ठाऊक आहे मला. म्हणून गृहपाठ बुडवायचा का?”

केतकी खो खो हसते. तेच हसणं, शेवटी जरा खोकल्यावर जाणारं. औटीबाईंच्या हातातला खडू खाली पडतो. जवळ जावं, पोरीला पोटाशी धरावं, असं फार वाटतं, पण बाकांच्या रांगा संपतच नाहीत. एक ओलांडली की पुढे दुसरी. पोरं पाय आत घेतात, ‘बाई, जा, जा’ म्हणतात. अखेर बाई पोचतात, तर केतकीच्या बाकाशेजारी एक बिबट्या झोपलेला आहे. शांत, एका कुशीवर, डोळ्यांवर फडकं बांधलेलं.

“हा कशाला वर्गात आणलास?”

“त्याला कुठे माहितीय हा वर्ग आहे ते,” केतकी म्हणते. ती त्याचं पोट वरखाली होतंय का बघते, घड्याळात बघून श्वास मोजते. “हळू बोल. कान जागे असतात त्याचे.”

“डोळे का बांधलेस बाई? किती केविलवाणं दिसतं.”

“औषधाने पापणी मिटत नाही गं. सगळं शरीर झोपतं आणि डोळे सताड उघडे राहतात. उजेडाने जातील. म्हणून मलम घालायचं आणि फडकं बांधायचं.” ती बिबट्याच्या कपाळावरून दोन बोटं फिरवते. “तुझे ते परग्रहवासी कसे असतील, मी तुला किती वेळा सांगितलं? आठवतंय?”

आठवत नाही होय! जेवायला बसल्या की दोघींचा तोच वाद. ताटातलं निवून जायचं तरी वाद संपायचा नाही. केतकी म्हणायची, असतील गं, असतीलही. चांगलेसुद्धा असतील. पण आपल्याला ते चांगले वाटतील कशावरून? बिबट्याच्या बाजूने बघ. बिचारा आपल्या वाटेने चाललाय. एकदम डोळ्यांवर झोत. मागच्या पायात काहीतरी टोचतं. पाय जातात, जीभ जाते. मग येतात दोन पायांचे, तोंड बांधलेले. रक्त काढतात, दात मोजतात, शेपटीत तांदळाएवढी काहीतरी वस्तू घालतात. जाग येते तेव्हा डोंगर भलताच, पाणी भलतंच. आम्ही त्याचं भलंच केलेलं असतं आई, विहिरीतून काढलेलं असतं. पण त्याला कोण सांगणार? त्याच्या भाषेत आम्हाला ‘भिऊ नको’ एवढंसुद्धा म्हणता येत नाही. तुझे ते आले ना, तर माझ्यासारखेच येतील. मनाने चांगले, आणि काही न सांगणारे.

‘माझी लेक काही न सांगणारी नाही,’ असं म्हणून औटीबाई तिच्या पानात तूप वाढायच्या आणि वाद उद्यावर जायचा.

घंटा होते. पोरं दप्तरं उचलून दाराबाहेर पळतात आणि दाराबाहेर ऊस आहे. डोक्याच्याही वर गेलेला, गच्च. मायलेकी सरीतून चालतात. केतकी पुढे, औटीबाई पदर खोचून मागे. पाचट पायांखाली चुरचुरतंय. पाती तोंडावर येतात, बाई हाताने बाजूला करतात. पुढे बघतात तर उसाच्या दोन सऱ्यांच्या मध्ये हॉस्पिटलातली लोखंडी बाकडी ओळीने मांडलीत. माणसं डबे, थर्मास, फायली मांडीवर घेऊन बसलीत. कुणी कुणाकडे बघत नाही. एक बाई हळू आवाजात पोथी वाचतेय. कोपऱ्यातल्या बाकड्यावर चहाचा कागदी कप ठेवलाय, अर्धा प्यालेला. तो कप आपलाच आहे हे औटीबाईंना ठाऊक आहे, म्हणून त्या तिकडे बघायचं टाळतात.

“ये, इकडे बस. वारा आपल्याकडे यायला हवा,” केतकी त्यांना बांधाशी खाली बसवते.

समोर मोकळ्या जागेत एक प्लास्टिकचं क्रेट पालथं घातलंय. त्याच्या भोकांतून दोन बारीक नाकं दिसतात. ऊसतोड चालू असताना बछडे सापडले की केतकी असंच करायची. पिल्लं तपासायची, आणि जिथून उचलली तिथेच, बरोबर तिथेच, परत ठेवायची. मग सगळ्यांनी लांब जाऊन बसायचं. दिवस कलला की बिबट्याची मादी येते, क्रेट पंजाने उलटं करते, एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते.

“येते ना गं आई त्यांची?” औटीबाई विचारतात.

“बहुतेकदा येते.”

“आणि येत नाही तेव्हा?”

केतकी क्रेटकडे बघत राहते. त्यातलं एक पिल्लू चिरक्या आवाजात ओरडायला लागतं, थांबतं, कान देतं, पुन्हा ओरडतं. औटीबाईंना ते ऐकवेना. वर्षभर दातांमागे धरून ठेवलेलं सगळं तोंडात येतं.

“केतू, मी पास देऊन टाकला गं! मामा लांबून आला होता म्हणून दिला. मी खाली बाकड्यावर चहा पीत बसले होते. तू डोळे उघडलेस आणि मी चहा पीत होते. मी मूर्ख, मला काय कळलं नाही. तू मला शोधलंस का? खरं सांग. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगू नको, खरं सांग.”

“शोधलं,” केतकी म्हणते.

औटीबाई तोंडात पदर कोंबतात. एवढंच त्यांना नको होतं. आणि एवढंच ठाऊक होतं.

“रडू नको. आधी ऐक. थांब, तुला दाखवतेच. इथे झोप.”

क्रेट नाहीये आता. तिथे पलंग आहे, कठडे लावलेला, डोक्याशी अकरा नंबर. वर आभाळाच्या जागी पांढरं छत आणि त्यात चौकोनी दिवे. औटीबाई निमूट आडव्या होतात. हात उचलायला बघतात तर हात उचलत नाही, जीभ जड झालीय. भोवती उसाची पाती हलतायत आणि पात्यांमधून कुणी कुणी वाकून बघतंय. हिरव्या टोप्या, हिरवे मास्क, मधे नुसते डोळे. एकजण पायाशी काहीतरी करतोय. एकीच्या हातात सुई आहे. कुणीतरी आकडे बोलतं, कुणीतरी लिहून घेतं. काहीतरी यंत्र टिकटिक करतंय. बाईंना ओरडायचं आहे आणि ओरडता येत नाही.

“कसं वाटतं?” केतकीचा आवाज उशाशी येतो.

“भीती वाटते. कोण आहेत हे?”

“मलाही कळेना. मला वाटलं, आई म्हणत होती ते आले. खरंच सांगते. मनात म्हटलं, बघ, आई जिंकली, आहेत ते!” केतकी हसल्यासारखं करते. “वाईट नव्हते गं ते. एक होती ती माझे पाय कोमट पाण्याने पुसत होती, बोटांच्या मधेसुद्धा. पण ती का पुसतेय ते मला कुठे ठाऊक? मी चुकीची जागा सांगितली का, मी काही चोरलं का, मला परत नेऊन ठेवतील का, काय काय मनात येत होतं. इतक्या बिबट्यांना मी असं निजवलं आणि आज माझी पाळी. मग मी तेच केलं जे पिंजऱ्यातलं जनावर करतं.”

“काय?”

“सगळ्यांच्या डोळ्यांत बघत गेले. एकेक करून. ओळखीचे कुठले सापडतायत का.”

“मी नव्हते गं तिथे,” औटीबाई म्हणतात, आणि आता त्यांची जीभ सुटलीय. “नव्हते मी!”

“होतीस की.”

“अगं नव्हते! खाली होते, सांगितलं ना तुला!”

“होतीस. असं काय करतेस? हिरवी टोपी, हिरवा मास्क आणि मधे तुझे डोळे. ही तुझी डावी पापणी, जरा खाली आलेली. दुसऱ्या कुणाची आहे का अशी? उजव्या डोळ्याखाली हा तीळ. मी लगेच ओळखलं. मी म्हटलं, आई. तू म्हणालीस, हो बाळा, मी इथेच आहे. भिऊ नको.”

ऊस हलायचा थांबतो. टिकटिक थांबते.

औटीबाईंच्या डोळ्यांपुढे आपली स्वतःची आई उभी राहते, डावी पापणी तशीच खाली आलेली, तोच तीळ असलेली. तिची दोनच मुलं. दोघांनाही, शालनला आणि दिनूला, तिने तेच डोळे दिले. लहानपणी सगळी आळी म्हणायची, दिनूला परकर घातला तर शालन आणि दिनू ओळखू यायचे नाहीत. मोठेपणी दिनूला मिशा आल्या, टक्कल पडलं, गाल ओघळले, आणि माणसं ते विसरून गेली. मिशा मास्कमध्ये होत्या. टक्कल टोपीत होतं.

‘तो तुझा मामा होता गं बाळा.’ शब्द अगदी ओठांवर येतात. बत्तीस वर्षं बाईंनी पोरांना शिकवलंय, दिसलं तेच लिहा, नाही दिसलं ते लिहू नका. जन्मात लेकीशी खोटं बोलल्या नाहीत, बाप गेला तेव्हाही नाही. आणि आता ही पोर त्यांच्याकडे बघतेय, अगदी निवांत, काही शंका नसलेली. तिच्या लेखी आई होती. तिच्या लेखी तो हिशोब कधीच मिटलाय.

“हो,” औटीबाई म्हणतात. “होते मी.”

“तेच तर! मग वर्षभर काय लावलंयस?”

“म्हातारी झाले. विसरले.”

केतकी कठड्यावरून हात आत घालते आणि आईचं उजवं मनगट पकडते. गच्च. हात गार नाहीये तिचा, कोमट आहे. बाईंना दुखतं, पण त्या सोडवून घेत नाहीत.

“केतू, आता तरी सांग. आहेत का ते? कुठे कुणी आहे का?”

“अगं, मेलं म्हणून माणूस शहाणं होत नाही. मला जेवढं तेव्हा ठाऊक होतं तेवढंच आत्ता आहे.” ती जरा विचार करते. “असतील तर असू देत. येतील तर येऊ देत. सुई टोचा म्हणावं, दात मोजा, काय करायचं ते करा. फक्त तुमच्यातल्या एकाने जवळ उभं राहून ‘मी इथेच आहे’ म्हणावं. तुझ्या पत्रात एवढंच लिही, बाकीचं खोड.”

“आणि म्हणणारा खोटं म्हणत असला तर?”

केतकी बघत राहते आईकडे. तिला ठाऊक आहे की नाही, ते तिच्या तोंडावरून कळत नाही.

“खोटं कुठे होतं,” ती म्हणते.

उसात कुठेतरी पाचट वाजतं. मोठं जनावर चालल्यासारखं, सावकाश. केतकी मान वळवते, तिचा सगळा चेहरा एकदम लहान होतो, पाच वर्षांची असावी इतका. “आली वाटतं,” ती कुजबुजते, आणि मनगटावरची पकड आणखी घट्ट होते.

औटीबाईंना जाग येते.

तोंड कोरडं पडलंय, पाय मुंग्यांनी भरलेत. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. सातवी ब नाही, ऊस नाही, बाहेर कुणाच्या तरी दारात बादली आपटल्याचा आवाज. बाई उजवा हात उचलतात, डोळे पुसायला, आणि तसाच धरून ठेवतात. मनगटाच्या आतल्या बाजूला चार खुणा आहेत. नखांच्या, बारीक, वाकड्या, लालसर. अंगठ्याची एक पलीकडून. त्या आपल्या डाव्या हाताची नखं बघतात. कालच कापलीत, अगदी मुळापासून, खडूच्या सवयीने. ही बोटं जाड, त्या खुणा जवळ जवळ, नाजूक हाताच्या.

त्या पडवीत जातात. दिनकर खाली सतरंजीवर बसलाय, ऊन लागू नये म्हणून पंचा डोक्यावर घेतलेला. बहीण समोर येऊन उभी राहिलेली बघून तो गडबडून उठायला लागतो.

“बस,” त्या म्हणतात आणि स्वतःही खाली बसतात. “दिन्या, ती तुला काय म्हणाली?”

वर्षभरात ‘दिन्या’ ही हाक त्याने ऐकलेली नाही. त्याचा हात पंचाकडे जातो. “आक्का, सांगितलं होतं ना मी तेव्हा. ऑक्सिजन...”

“आई म्हणाली ना तुला?”

दिनकरचं तोंड उघडंच राहतं. मग त्या एवढ्या मोठ्या, साठीच्या माणसाचा चेहरा असा काही मोडतो की बघवत नाही.

“तुला कुणी सांगितलं?” तो कसाबसा म्हणतो. “तिथे कुणी नव्हतं गं जवळ. नर्स पलीकडे होती. आक्का, मी मुद्दाम नाही केलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि आई म्हणाली. दोनदा म्हणाली. मी मामा आहे असं कसं सांगू? ती किती घाबरलेली होती. मी हो म्हटलं. हो बाळा, मी इथेच आहे म्हटलं. आवाजसुद्धा बारीक काढला. हाक तुझी होती. तुझी हाक मी घेतली, ती तुला कशी आणून देऊ? कितीदा फोन उचलला आणि ठेवला. चोरासारखं वाटतं मला तुझ्या घरात.”

“मग?”

“मग हसली जराशी. इथे धरलं मला.” तो आपलं उजवं मनगट पुढे करतो, आतली बाजू वर करून. “नऊ दिवसांत नखं वाढली होती तिची. डोळे मिटले तरी सोडेना. वेळ संपली म्हणून नर्सने एकेक बोट सोडवलं. चार दिवस वळ होते, मी गिरणीत बाही खाली करून बसायचो, कुणी विचारू नये म्हणून.”

औटीबाई आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवतात. दिनकर त्या खुणा बघतो, बहिणीकडे बघतो, पुन्हा खुणा बघतो. विचारलं असतं तरी काय सांगणार होत्या त्या?

मग त्या डाव्या हाताने त्याच्या डोक्यावरचा पंचा नीट पुढे ओढतात, कपाळ झाकेपर्यंत. त्याचं टोक खाली घेऊन नाकावरून, मिशांवरून फिरवून दुसऱ्या बाजूला खोचतात. दिनकर लहान मुलासारखा बसून राहतो, करू देतो.

“वर बघ,” त्या म्हणतात.

तो वर बघतो. डावी पापणी जरा खाली आलेली. उजव्या डोळ्याखाली तीळ. डोळे भरलेले. केतकीने शेवटचं जे बघितलं ते हे. औटीबाई बघत राहतात. पोरीची फसवणूक झालेली नाही, अजिबात नाही. आरशात दिसतं तेच तिला दिसलं होतं.

“म्हण,” त्या म्हणतात.

“काय गं?”

“तिला म्हणालास ते. तस्संच म्हण.”

पंचाच्या आडून, आवाज बारीक करून, दिनकर म्हणतो, “हो बाळा. मी इथेच आहे. भिऊ नको.”

आणि औटीबाईंचा बांध फुटतो. वर्षाचं सगळं एकदम, मोठ्याने, अगदी शेजारच्या बायका धावत येतील इतक्या मोठ्याने. भावाच्या गळ्यात डावा हात टाकून त्या रडतात. उजवा हात मात्र बाजूला, वर धरलेला असतो. त्याला त्या कपडा लागू देत नाहीत, पाणी लागू देत नाहीत. खुणा आत्ताच फिकट व्हायला लागल्यात.